राक्षसाच्या घरी राजकन्या काय वाचते?

ती शांतता जेवणाच्या टेबलावर, भांड्यांच्या मधोमध, घरचीच असल्यासारखी ऐसपैस बसली होती. बायकोच्या हातातला डाव अधांतरी थांबला होता. मुलगी ताटाच्या कडेकडे टक लावून पाहत होती. आणि ही शांतता ज्याने घरात आणली तो मी, पाण्याचा पेला उगाचच गोल गोल फिरवत होतो.

मी फक्त दोन शब्द उच्चारले होते. "कोणतं पुस्तक?"

झाले होते ते असे. आमच्या मुलीला घरात सगळे मुंगी म्हणतात, कारण ती कधी येते, कधी जाते, कुणाला कळत नाही. त्या दिवशी ती शाळेतून आली आणि बूट काढता काढता म्हणाली की वर्गाच्या नाटकात तिला राजकन्येचे काम मिळाले आहे. राक्षसाने राजकन्येला आपल्या घरात कोंडले आहे. राक्षस ओरडतो, पाय आपटतो, दारे आदळतो. राजकन्या मात्र पडदा उघडल्यापासून कोपऱ्यात बसून पुस्तक वाचते. शेवटी ओरडून ओरडून राक्षसाचाच घसा बसतो, आणि तो हात जोडून तिला मोकळे करतो. संपले नाटक. "बाईंनी घरून एक पुस्तक आणायला सांगितलंय," एवढे बोलून ती जेवायला बसली होती.

एखाद्या सुज्ञ बापाने इथे "शाब्बास" म्हटले असते. पण मी साहित्याचा पदवीधर आहे. तारुण्याची सगळी उमेदीची वर्षे मी मुक्तछंदाच्या सावलीत घालवली, आणि त्या सावलीतून बाहेर पडलेल्या माणसाला कोणतीही गोष्ट नुसती आहे तशी दिसत नाही. मला ती राजकन्या दिसली. तिच्या मानेवर पडलेला तिरपा उजेड दिसला. आणि तिच्या हातातल्या पुस्तकावर नाव नव्हते, याने मी अस्वस्थ झालो.

"कुठलंही," अखेर बायको म्हणाली. "जाड असलं म्हणजे झालं. लोकांना तिसऱ्या रांगेतून काय दिसणारे?"

"कुठलंही पुस्तक वाचणारी राजकन्या ही राजकन्याच नव्हे," मी म्हणालो. "माणूस काय वाचतो यावरच तर तो कोण आहे ते ठरतं."

हे वाक्य मला त्या वेळी फार चांगले वाटले होते. बायकोने डाव खाली ठेवला. "अहो, जेवा," ती म्हणाली. मुंगीने एकवार माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा मान खाली घातली. त्या पाहण्यात कौतुक आहे, असा मी समज करून घेतला.

मी एका विमा कंपनीत काम करतो. लोकांचे दावे नामंजूर झाल्याचे त्यांना हळुवारपणे कळवणे हे माझे काम. 'आम्हांस खेद वाटतो' या तीन शब्दांवर माझा संसार उभा आहे. दुसऱ्या दिवशी मी त्या टेबलाशी बसलो खरा, पण खेद वाटायला मन जागेवर हवे ना. काय वाचत असेल ती? प्रेमकथा नक्कीच नाहीत. राजपुत्रांविषयी तिला घरबसल्या पुष्कळ माहिती असणार. प्रवासवर्णने? कोंडलेल्या मुलीच्या हाती प्रवासवर्णन देणे हा क्रूरपणा झाला. कुलपांच्या दुरुस्तीवरचे पुस्तक? उपयुक्त, पण त्यात लय नाही. दुपारी चहाच्या वेळेला तर मी कप तसाच खाली ठेवला. कारण माझ्या ध्यानात आले की ती पुस्तके तिची नाहीतच! घर राक्षसाचे, कपाट राक्षसाचे, म्हणजे पुस्तकेही त्यानेच घेतलेली. मग आधी राक्षसाची अभिरुची ठरवायला हवी. घरात पुस्तके बाळगणारा राक्षस म्हणजे एकाकी असणार. त्याला कुणाशी तरी बोलायचे असणार, आणि बोलण्याची रीत न कळल्याने तो ओरडत असणार. मी खिडकीबाहेर पाहिले. माझे डोळे, खरे सांगतो, पाणावले.

संध्याकाळी साहेबांनी बोलावले. त्यांच्या हातात मी लिहिलेले पत्र होते.

"हे वाचा," ते म्हणाले.

मी वाचले. एका गोदामाच्या मालकाला मी कळवले होते की राक्षसाच्या घरातील ग्रंथसंग्रहाचे नुकसान या पॉलिसीत मोडत नाही, याचा आम्हांस खेद वाटतो.

"हा राक्षस आपला ग्राहक आहे का?" साहेबांनी विचारले.

"नाही, सर."

"मग त्याचा खेद कंपनीच्या वेळेत करू नका."

इतका अपमान गिळून माणसाने गप्प बसायला हवे होते. पण चिंता अशी असते की ती एकट्याने करवत नाही. मी जिन्यात भेटेल त्याला विचारू लागलो. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त न्यायाधीश राहतात. त्यांना सगळे जजसाहेब म्हणतात, आणि त्यांना निवृत्त मात्र कुणी म्हणू शकत नाही.

"आधी हे सांगा," ते म्हणाले, "तिला कोणत्या आरोपाखाली ठेवलंय?"

"आरोप नाही, साहेब. गोष्ट आहे ती."

"म्हणजे बेकायदा. मग ती गोष्टीबिष्टींची पुस्तकं कशाला वाचेल? अर्ज करेल अर्ज!" आणि ते आत जाऊन कायद्याचा असा एक खंड घेऊन आले की तो धरताना माझ्या मनगटाने कण्हल्यासारखा आवाज केला. "परत करायची घाई नाही. खुणा केल्यात तेवढं तिला वाचायला सांगा."

समोरच्या दारात दातांच्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांची मुलगी मुंगीच्याच वर्गात. नाटकातला राक्षस तीच. "वाचणं ठीक आहे हो," त्या म्हणाल्या, "पण उजेड कुठून येतो? डोळे जातील पोरीचे. आणि माझी पोर दिवसभर ओरडून घसा फोडून घेतेय, त्याची कुणाला पडलीये का? तुम्हाला आपली राजकन्येचीच काळजी."

सासऱ्यांना मी फोन केला. ते पाय मोडल्यामुळे मध्यंतरी इस्पितळात बरेच दिवस पडून होते, त्यामुळे कोंडलेपणाविषयी बोलण्याचा अधिकार घरात फक्त त्यांनाच. "जावईबापू," ते म्हणाले, "अडकलेला माणूस समोर दिसेल ते वाचतो. माझ्या खाटेसमोर आग विझवायचा डबा होता. त्यावरच्या सूचना मला अजून तोंडपाठ आहेत. म्हणू का?" त्यांनी म्हटल्या. वाईट नव्हत्या. शेवटची ओळ तर मला हेवा वाटावा इतकी चांगली होती: ज्वाळेच्या मुळाशी रोख धरा.

आठवडा संपेतो आमच्या बैठकीच्या खोलीत पुस्तकांचा असा ढीग झाला की टीव्ही बघायचा तर उभे राहावे लागे. मुंगी त्या ढिगाला वळसा घालून शाळेत जायची आणि वळसा घालून परत यायची. तिने मला एकदाही काही विचारले नाही. तिला विचारायचे मलाही सुचले नाही. ज्याच्या डोक्यात राजकन्या असते, त्याला मुलगी दिसतेच असे नाही.

शेवटी मी शाळेत गेलो. नाटक बसवणाऱ्या बाई खेळाच्याही बाई होत्या. गळ्यात शिट्टी, हातात संहिता, आणि भोवती झाडे, ढग नि पहारेकरी झालेली मुले. मी त्यांना सगळे समजावून सांगितले. राजकन्या काय वाचते हे प्रेक्षकाला कळले नाही, तर तिचे वाचन म्हणजे नुसता बहाणा ठरेल, असेही म्हणालो.

बाईंनी शिट्टी फुंकली. एक ढग पहारेकऱ्याच्या पाठीवरून खाली उतरला. "मग तुम्हीच द्या ना चार ओळी लिहून," त्या घाईघाईने म्हणाल्या. "राक्षस विचारेल, 'राजकन्ये, एवढं काय वाचतेस?' आणि ती सांगेल. बरंच होईल, नाटक तसंही फार लवकर संपतंय."

चार ओळी! कविता मागायला माणसे येत नाहीत हो. माणसे विम्याचे पैसे मागायला येतात. मी घरी जाऊन चार ओळी लिहायला बसलो आणि पान भरून गेले.

*मी वाचते न उघडलेल्या दारांची अनुक्रमणिका,*
*मी वाचते भिंतीच्या पोटात झोपलेली दुपार,*

अशी सुरुवात होती. पुढे मौनाच्या खिडक्या होत्या, धुळीचे व्याकरण होते, आणि शेवटी राजकन्या स्वतःच एक समास होऊन पानाच्या कडेला उभी राहत होती. संहिता तपासणाऱ्या समितीने ती कविता एकमताने मंजूर केली. मुख्याध्यापिकांनी मला थांबवून सांगितले, "अगदी वेगळंच आहे हो. कळलं नाही, पण वेगळं आहे." त्या दिवशी मी चालत घरी आलो, रस्ता मला जमिनीपासून किंचित वर लागत होता.

दार बायकोने उघडले. मुंगी आपल्या खोलीत होती आणि खोलीचे दार बंद होते.

"काय केलंत हे?" बायको म्हणाली. तिचा आवाज हळू होता. तिचा आवाज हळू असला की माझी पाचावर धारण बसते.

"काय केलं?"

"तिला ते काम का हवं होतं, माहितीये? बाईंनी विचारलं, कोण होणार राजकन्या? एकीचाही हात वर नाही. सगळ्यांना राक्षस व्हायचं होतं, नाहीतर निदान पहारेकरी. कारण राजकन्येला एक वाक्य नाही. तेव्हा आपल्या मुलीनं हात वर केला. पहिल्यांदा! शाळेत जायला लागल्यापासून पहिल्यांदा. स्टेजवर जायचं, सगळ्यांसमोर बसायचं, पण बोलायचं नाही. तेवढं मला जमेल आई, म्हणाली. आणि तुम्ही तिला पानभर कविता दिलीत."

मी भिंतीला टेकलो. वर्गात उठून उत्तर द्यायचे म्हटले की आमच्या मुंगीचे कान लाल होतात आणि शब्द घशातच बसून राहतात, हे मला का ठाऊक नव्हते? ठाऊक होते. प्रत्येक पालकसभेत ऐकले होते. परंतु धुळीच्या व्याकरणात ते कुठे बसले नाही.

"काम सोडू दे तिला," मी म्हणालो.

"म्हणजे? एकदा हात वर केला आणि तो असा खाली आणायचा? पुन्हा करेल ती कधी वर?"



दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी बाईंकडे गेलो. कविता काढा, म्हणालो. बाई म्हणाल्या, मला काय, आज काढते, पण मंजूर संहितेत बदल करायचा तर समितीची परवानगी लागते. मी मुख्याध्यापिकांकडे गेलो. त्या म्हणाल्या, समिती बरखास्त झाली.

"का?"

"संहिता मंजूर झाली ना. समितीचं काम संपलं."

"मग समिती पुन्हा नेमा."

"नेमते की. पण समिती नेमायला नवीन संहिता लागते. तुमच्याकडे आहे का?" मग त्या समजूतदारपणे हसल्या. "कवींचं असं होतं. ऐन वेळी धीर सुटतो. काढू नका, फार छान आहे." आणि त्यांनी मला छापून आलेली कार्यक्रमपत्रिका दाखवली. त्यात 'राजकन्येचे मनोगत' या शब्दांखाली माझे नाव होते. माझे नाव आजवर फक्त नामंजुरीच्या पत्रांखाली छापले गेले आहे. लाज वाटते सांगायला, पण मी ते दुसऱ्यांदा वाचले.

राहिला राक्षस. मी त्याला जिन्यात गाठले. डॉक्टरीणबाईंची मुलगी दोरीवरच्या उड्या मारत होती.

"हे बघ," मी म्हणालो, "तो प्रश्न विचारायचा विसरलीस तर चालेल. कुणी रागावणार नाही."

"कुठला प्रश्न?"

"एवढं काय वाचतेस, हा."

उड्या थांबल्या. "काका, बाकी सगळ्या नाटकात मी नुसती ओरडते. माझं तेवढं एकच वाक्य हळू आहे. मला तेच आवडतं."

"पण समज, विसरलीस."

"मी कशी विसरेन? मी राक्षस आहे."

तेवढ्यात दार उघडले आणि डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी सगळे ऐकले होते. "वा!" त्या म्हणाल्या. "स्वतःच्या मुलीला पानभर, आणि माझीचं एक वाक्य तेवढं कापायचं? शेजारी म्हणून दाढेचं काम करून दिलं त्याची ही फेड?" वरच्या मजल्यावरून जजसाहेबांनी खाली डोकावून विचारले, "काय, साक्षीदार फोडताय काय?" आमच्या जिन्यात आवाज फार घुमतो.

मग उरला घरचा सराव. मुंगी पलंगाच्या कडेला बसायची आणि मी समोर उभा राहायचो. "मी वाचते," ती कुजबुजायची आणि तिथेच थांबायची. कान लाल. मी म्हणालो, मौनाच्या खिडक्या काढू. काढल्या. पुढे भिंतीतली दुपार गेली. धुळीचे व्याकरण मी एकदा मोठ्याने वाचून घेतले आणि तेही कापले. अखेर पानावर एकच ओळ राहिली, आणि तीही तिच्या तोंडून फुटेना.

"बाबा," ती एकदा म्हणाली, "समास म्हणजे शाळेतला समास का पानाचा समास?"

"दोन्ही," मी म्हणालो.

तिने मान हलवली. माझ्यावर दया आल्यासारखी.

नाटकाच्या दिवशी आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. मागच्या रांगेत जजसाहेब, त्यांच्या शेजारी डॉक्टरीणबाई, ज्यांनी माझ्याकडे पाहायचे नाही असे ठरवल्याचे मला पाठीवर जाणवत होते. घरचा पुस्तकांचा ढीग घरीच राहिला होता. निघताना मुंगीने वर्तमानपत्राचे वेष्टण घातलेले एक पुस्तक छातीशी धरले होते. कोणते, ते मला कळले नाही, आणि आता विचारायची हिंमत माझ्यात नव्हती. बायकोने माझा हात धरला. मायेने नव्हे, मी उठू नये म्हणून.

पडदा उघडला. कोपऱ्यात एका स्टुलावर आमची मुलगी बसली होती, पुस्तकात डोके घालून. राक्षस ओरडला, सभागृहाच्या पत्र्याला कंप सुटला. राजकन्येने पान उलटले. राक्षसाने दार आदळले, दार पडले. राजकन्येने पान उलटले. ती इतकी वाचत होती की आजूबाजूची माणसे माना लांब करून पुस्तकात काय आहे ते पाहू लागली. मला मात्र काही दिसेना. मला फक्त तो प्रश्न दिसत होता. तो पावलापावलाने जवळ येत होता.

राक्षस तिच्यापाशी आला. खाली वाकला. आणि आयुष्यातले एकमेव हळू वाक्य अतिशय सुंदर म्हणाला.

"राजकन्ये, एवढं काय वाचतेस?"

मी ओठांनी ओळ म्हणू लागलो. कापलेल्या ओळीही म्हणू लागलो. विंगेत बाईंचा हात शिट्टीकडे गेला. मी नकळत अर्धा उठलो होतो. "बसा हो, दिसत नाही," मागून जजसाहेब म्हणाले. राजकन्येचे कान लाल झालेले मला इतक्या दुरूनही दिसत होते.

राक्षसाने पुन्हा विचारले, "राजकन्ये? एवढं काय वाचतेस?"

मुंगीने मान वर केली नाही. फक्त एक बोट वर केले.

"थांब ना," ती म्हणाली. "एवढं पान होऊ दे."

आवाज बारीक होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. राक्षसाला हे शिकवलेले नव्हते. त्याने विंगेकडे पाहिले, मग प्रेक्षकांकडे, मग राजकन्येकडे. आणि काही सुचेना म्हणून तो खरोखरच तिच्या शेजारी जमिनीवर बसला आणि वाट पाहू लागला. सगळे सभागृह वाट पाहू लागले. मुंगीने पान संपवले. ओळीवरून ओळीवर सरकणारे तिचे डोळे दिसत होते. मग तिने पान उलटले आणि पुढचे वाचायला घेतले.

"झालं?" राक्षसाने विचारले.

"नाही."

कुणीतरी हसले, मग सगळेच हसले, आणि त्या हशातच बाईंनी, देव त्यांचे भले करो, पडदा ओढला. राक्षसाचा घसा बसायचा राहून गेला. त्याची कुणालाही आठवण झाली नाही.

बाहेरच्या बोळात माणसांची गर्दी होती. मुख्याध्यापिकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "शेवटी बदललीतच ना! काय ओळ लिहिलीत! कळली सुद्धा." जजसाहेब म्हणाले, "स्थगितीचा अर्ज. उत्तम. असंच हवं." डॉक्टरीणबाई तर थेट माझ्याशी बोलल्या: माझीला आणखी एक वाक्य दिलंत, आभारी आहे. मी ती ओळ लिहिली नाही, असे मला म्हणायचे होते. प्रत्येक वेळी मी तोंड उघडले आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस "विनय सोडा हो" म्हणाला. माझ्या आजवरच्या लेखनाला मिळालेली एकमेव दाद, आणि तीत माझा एक शब्द नाही. बायको बाजूला उभी राहून हे सगळे पाहत होती आणि तिला हसू आवरत नव्हते.

मग मुंगी आली. डोक्यावर कागदी मुकुट तसाच, थोडा तिरका. पुस्तक हातात, आणि वाचलेल्या जागी बोट. मी तिच्यासमोर गुडघे टेकून बसलो. आजूबाजूच्या पायांच्या जंगलात आम्ही दोघेच होतो.

"मुंगी," मी म्हणालो, "माझ्यामुळे तुला बोलावं लागलं. मी तुला विचारायला हवं होतं आधी. रागावलीस का गं माझ्यावर?"

तिने माझ्याकडे पाहिले. तिचे कान आता लाल नव्हते. मग तिने बोट घातले होते तिथे पुस्तक उघडले, नजर खाली वळवली, आणि चालता चालता वाचत ती त्या गर्दीतून पुढे निघाली. आणि मोठमोठी माणसे, बोलणे अर्ध्यात सोडून, भिंतीला चिकटून तिला वाट देऊ लागली.